आकडा जमेपर्यंत

११ जून

ग्लेंडाला परवाना लागला. मोठ्या शिंगांच्या डोंगरी मेंढ्याच्या शिकारीचा, सरकार चिठ्ठ्या टाकून देतं तो. लग्न झाल्यापासून दर वसंतात ती अर्ज करते, आणि दर जूनमध्ये 'नाही' वाचून मुकाट्यानं भांडी घासायला लागते. आज सकाळी फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "लायल, हे वाच जरा. माझा चष्मा थापा मारतोय की काय?"

वाचलं. थापा नव्हत्या. सगळ्या माँटानात मोजक्याच लोकांना हा परवाना मिळतो, आणि माझ्या बायकोला तो आता मिळाला.

मर्ल ओस्टबीला फोन केला. आम्ही रेल्वेत सिग्नलच्या कामावर बरोबर होतो आणि निवृत्तीनंतर गावच्या चांदमारीवर नेम धरत बरोबर उन्हं खातो. तो माझ्याआधीपासून अर्ज करतोय, अजून हात चोळतच बसलाय. म्हणाला, "तिला लागला म्हणून गोड मानून घेतो. तुला लागला असता ना म्हाताऱ्या, तर तुझ्या पिकअपची हवा काढली असती."

हंगाम १५ सप्टेंबरला उघडतो. ग्लेंडाची फुफ्फुसं गेल्या दोन वर्षांपासून आखडत चाललीत. फाटकापर्यंत जाऊन आली की धाप ओसरेपर्यंत खुर्चीत बसून राहते. डॉक्टर सप्टेंबरबद्दल काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

१४ जून

बेत ठरला. मेंढे नदीपलीकडच्या कड्यावर असतात. ग्लेंडाला चढणं अशक्य. पण खाणीच्या जुन्या वाटेनं पिकअप एका सपाट जागेपर्यंत जाते, तिथून समोरचा कडा सहाशे यार्ड. तिथं तिला आडवं झोपवायचं, रायफलीखाली वाळूची पिशवी. नेम तिचा माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मी आजवर चारचौघांत कबूल केलेलं नाही. पण तिच्यात एकाच गोळीपुरतं बळ आहे. दुसरी संधी नाही.

म्हणजे दुकानातलं काडतूस उपयोगाचं नाही. मी घरी भरणार. पितळी नळकांडं, बुडाला ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू, तोंडाशी गोळी. एवढ्याच वस्तू, पण दर वेळी तंतोतंत सारख्या असल्या तरच गोळी दर वेळी सारख्या वेगानं सुटते. वेगात सेकंदाला चाळीस फुटांचा फरक पडला तर सहाशे यार्डांवर गोळी चार बोटं वर नाहीतर खाली. मला फरक दहाच्या आत हवा.

मेंढा जखमी होऊन कड्यावरून लंगडत गेला आणि ग्लेंडानं ते दुर्बिणीतून पाहिलं, तर ते माझ्यानं बघवणार नाही.

२० जून

पहिला घाणा काढला. चांदमारीवर वेगमापकासमोर दहा गोळ्या झाडल्या. सगळ्यांत जलद आणि सगळ्यांत मंद गोळीत फरक नऊ फूट. हात अजून शाबूत आहे. मर्लनं आकडा बघितला आणि माझ्या डब्यातलं हरणाचं सॉसेज न विचारता खाल्लं. त्याची शाबासकी अशीच असते.

२९ जून

ग्लेंडाला जिना चढवेना. तिची खाट खाली गॅरेजमागच्या खोलीत आणली. काल ऑक्सिजनचं मशीन आलं. एका लहान मुलाएवढं उंच आहे, चाकांवर. सॉकेट गॅरेजच्या भिंतीतच आहे म्हणून भिंतीला टेकवून ठेवलं. दिवसरात्र धप्प करतं, श्वास सोडतं, परत धप्प. ग्लेंडा म्हणाली, "तुझ्या घोरण्याला जोडीदार मिळाला बघ."

बाहेर जायला चार छोटे सिलिंडर दिलेत. ते तिनं कपाटात ठेवून दिले. डोंगरावर जायचंय ना, तेव्हा लागतील म्हणे.

५ जुलै

फरक एक्केचाळीस.

तीच दारू, त्याच डब्यातली. तेच पितळ. परत झाडल्या, परत अडतीस. कुठं माशी शिंकली कळत नाही.

१२ जुलै

मर्ल म्हणतो, "काय बदललंस ते सांग." घरी काडतुसं भरणाऱ्यांचा हा एकच नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बिघडलं की काय बदललं ते शोधायचं.

"काहीच नाही," मी म्हटलं. "तीच दारू, तेच प्रायमर, तोच दारू तोलायचा काटा, तेच टेबल, तोच मी."

"तोच तू? आरशात बघ जरा."

नळकांड्यांच्या माना ज्योतीवर तापवून परत मऊ केल्या. म्हटलं, मानेची पकड कमीजास्त झाली असेल. सगळी पकड सारखी केली. फरक छत्तीस. दोन दिवस पाण्यात.

१९ जुलै

काटाच चुकार आहे. आकडा स्थिरावतो, मग उगाच एक दशांश सरकतो, परत येतो. वाऱ्याची झुळूक असेल म्हणून भोवती पुठ्ठा लावला. हवेतल्या स्थिर विजेमुळे असेल म्हणून ग्लेंडा कपडे वाळवायच्या मशीनमध्ये टाकते ते वासाचे कागद काट्यावरून फिरवले. ट्यूबलाइट काढून साधा दिवा लावला. पालथ्या घड्यावर पाणी.

मग मर्लचा काटा आणला. तोही माझ्या टेबलावर तसाच नाचतो. त्याच्या घरी नेला की दगडासारखा गप्प.

"तुझ्या घरात भूत आहे," मर्ल म्हणाला. "माझ्याकडे ये भरायला. कॉफी फुकट, अक्कल वेगळी विकत मिळेल."

मी नाही म्हटलं. ग्लेंडाला एकटं सोडून दिवसदिवसभर दुसऱ्याच्या तळघरात बसायला मी काय निर्लज्ज आहे?

२५ जुलै

ग्लेंडाची मिझूलाच्या इस्पितळात तपासणी होती. घरी येणारी नर्स रेनी म्हणाली, मला तिकडं जायचंच आहे, मी नेते, सिलिंडरही माझ्या गाडीत आहे. बरं झालं. घर दिवसभर मोकळं मिळालं. नवीन प्रायमरचा डबा फोडला, सावकाश वीस काडतुसं भरली आणि चांदमारी गाठली.

फरक सात. सात! सगळा दोष प्रायमरचा होता. तीन आठवडे उगाच डोकं फोडलं.

संध्याकाळी दोघी परत आल्या. डॉक्टर काय म्हणाला विचारलं तर ग्लेंडा म्हणाली, "जे म्हणायचं ते म्हणाला." म्हणजे विशेष काही नाही. रेनी माझ्याकडे जरा वेळ बघत उभी राहिली, पण तिची बघायची पद्धतच तशी आहे.

२९ जुलै

नवीन प्रायमर, फरक अडतीस. डबा उचलून भिंतीवर मारावासा वाटला. मारला नाही, कारण त्यात प्रायमर होते.

जेवताना ग्लेंडानं विचारलं, "त्या दिवशी काय वेगळं केलं होतंस?"

"काही नाही. नवे प्रायमर. तेच आज वापरले."

"त्या दिवशी मी घरी नव्हते."

"तुझ्यामुळे काटा हलतो असं म्हणायचंय का तुला? एवढं वजन राहिलंय कुठं तुझ्यात?" मी गंमत केली. तीही हसली.

मग जेवण झाल्यावर, लांबच लांब नळी ओढत ती गॅरेजमध्ये आली. कित्येक वर्षांत इथं आली नव्हती. उलट्या बादलीवर बसली आणि माझं काम बघत राहिली. टेबल भिंतीला बोल्टनं पक्कं केलंय, त्यावर तिनं तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला, डोळे मिटून. मी म्हटलं, हात काढ बाई, आकडा हलतो. तिनं काढला. "कळलं," म्हणाली आणि आत गेली.

मला बरं वाटलं ती आल्यामुळे. सांगायला हवं होतं.

२ ऑगस्ट

फरक आठ. काहीही बदललं नव्हतं. काटा असा निश्चल की मीच घाबरलो. कधी कधी माणसानं हट्ट सोडला की वस्तू आपणहून सरळ होते. रेल्वेत असे कितीतरी सिग्नल पाहिलेत.

९ ऑगस्ट

परत सात. ग्लेंडाला सांगायला आत गेलो तर ती पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसली होती, मान खाली. झोप येतेय म्हणाली.

"झालं ना आता?" तिनं विचारलं. "उद्या चल, खाणीच्या वाटेवर जाऊ. दुर्बिणीतून मेंढे बघू. मारायचे नाहीत, नुसते बघायचे. सँडविच नेऊ."

मी म्हटलं, एकदा जमणं म्हणजे नशीब, दोनदा म्हणजे योगायोग. तिसऱ्यांदा जमलं तर खरं. मग जाऊ.

आता सगळं जसंच्या तसं ठेवायचं ठरवलंय. तोच स्टूल, तोच दिवा, दुपारी जेवण झाल्यावर तीच वेळ. ग्लेंडालाही सांगून ठेवलं, मी काट्यावर बसलो की आतमध्ये दार वाजवू नको, टीव्ही नको. "मी कशाला वाजवू," ती म्हणाली.

१७ ऑगस्ट

आयडाहोकडचं जंगल पेटलंय. सगळी दरी धुरानं भरलीय. सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसतो. या धुरात धडधाकट माणूस धापा टाकतो, मग ग्लेंडाचं काय घेऊन बसलात. जेवण निम्म्यावर आलंय तिचं. काल चर्चच्या बायकांनी बटाट्याचं भलंमोठं भांडं आणून दिलं, तेही मलाच संपवावं लागलं.

आज काम आटोपून आत गेलो तर तिचे ओठ जांभळे. मी दचकलो. ती म्हणाली, "रानातल्या हकलबेरी खाल्ल्या रे. रेनीनं आणल्या होत्या." मलाही ठेवायच्या होत्यास की, म्हटलं. "संपल्या," म्हणाली.

एक बरं झालं, मशीनच्या धपधपीची सवय झाली. दुपारी काम करताना तर ती ऐकूच येत नाही.

२३ ऑगस्ट

फरक सहा. माझ्या आयुष्यात असा घाणा निघाला नव्हता. साठ काडतुसं तयार आहेत, एकसारखी, डब्यात ओळीनं उभी.

मर्लला दाखवली तर हा गाढव म्हणतो, "एक मेंढा मारायचाय की फौज?"

"खात्री करायचीय."

"लायल, मेंढ्याची छाती परातीएवढी असते. चार बोटं इकडं की तिकडं, त्यानं काय फरक पडतोय? तुझा जूनमधला घाणाही चालला असता. जुलैतलासुद्धा चालला असता."

"तुला नाही कळायचं."

"मला चांगलं कळतंय. जा, घरी जाऊन बायकोजवळ बस."

मी त्याला म्हटलं, तुला परवाना लागला नाही म्हणून तुझ्या पोटात दुखतंय. त्यानं टोपी घातली आणि गेला. त्याच्याशी असं बोलायला नको होतं. पण जवळ बसून काय करू? तिथं बसलं की मला तिचा एकेक श्वास मोजावासा वाटतो. प्रत्येक श्वासानंतर वाटतं, पुढचा येतोय की नाही. मला भीती वाटते. इथं काट्यावर निदान जे कमी पडतं ते चिमटीनं घालता येतं.

२८ ऑगस्ट

रेनीनं बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला आणि तिचा चेहरा उतरला. मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "मशीन दिवसरात्र चालू असतं ना?"

"असतंच की. बंद करायला मी काय वेडा आहे?"

मशीनच्या मागे एक छोटा मीटर आहे, किती तास चाललं ते दाखवणारा. ती म्हणाली, तास कमी भरतायत. खूप कमी. रोज दोन-तीन तास कुठं तरी गळतायत. मी म्हटलं, मग मीटर बिघडलाय, ज्यांनी दिलंय त्यांना सांगा, वरून हा धूर, तुम्ही मला काय विचारता? आवाज चढला माझा. ग्लेंडा आतून म्हणाली, "लायल, तिच्यावर नको ओरडूस."

मग रेनी आत जाऊन दार लावून तिच्याशी बोलली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. काय झालं विचारलं तर म्हणाली, "मी वचन दिलंय. तुम्हीच विचारा तिला."

मी विचारलं. ग्लेंडा म्हणाली, "काही नाही रे. बायकांच्या गोष्टी." जाताना मी रेनीला तिच्या हकलबेरी ग्लेंडाला आवडल्या म्हणून सांगितलं, म्हटलं निदान एक चांगला शब्द बोलावा. "कुठल्या हकलबेरी?" ती म्हणाली. विसरली असेल. किती घरं फिरते बिचारी.

३ सप्टेंबर

इस्पितळात बसून लिहितोय.

दुपारी काट्यावर होतो. अगदी शेवटचा घाणा, म्हणजे मग डबा बंद. विसावं काडतूस झालं आणि तिला सांगायला आत गेलो. ती खाटेवरून अर्धी खाली घसरलेली, एक हात मशीनकडे. मशीन बंद. नुसतं बंद, वीज होती, दिवा जळत होता. बटण दाबलं, नळी नाकाला लावली, गालावर चापट्या मारल्या, ॲम्ब्युलन्स बोलावली. आता मुखवटा लावलाय. बोलत नाही. हात धरला की बोटं जराशी हलवते.

वीज गेली असेल, मग आली असेल, आणि मशीन आपोआप चालू झालं नसेल. असंच असणार.

५ सप्टेंबर

कपडे न्यायला घरी आलो. तिच्या खोलीत मशीन तसंच चालू राहिलेलं, रिकाम्या खाटेशेजारी धप्प, श्वास, धप्प. तेच ऐकत गॅरेजमध्ये गेलो. काटा चालूच राहिला होता. त्यावर काही नव्हतं. शून्य दिसायला हवं होतं.

शून्य. एक दशांश. शून्य. धप्प. दोन दशांश.

टेबलावर तळहात ठेवला. भिंतीतून यायचं ते हाताला लागत होतं, एका तालात. आत जाऊन मशीन बंद केलं, परत आलो. शून्य. हलेना. परत चालू केलं. हलला. चारपाच वेळा केलं असेल. शेवटी स्टूलवर बसलो.

तिला जुलैतच कळलं होतं. मी काट्यावर बसलो की ती बटण बंद करत होती, आणि मी उठेपर्यंत तशीच बसत होती. सिलिंडर लावायचा तर तेही डोंगरासाठी राखून ठेवलेले. चारही कपाटात आहेत, भरलेले. माझ्या काडतुसांसाठी केलं तिनं हे. मेंढ्यासाठी. मी सात आणि सहा म्हणून नाचत होतो.

मर्लला फोन केला. सांगितलं सगळं. तो म्हणाला, "तिथंच थांब, मी येतो. गाडी तू चालवू नकोस."

१७ सप्टेंबर

ग्लेंडा नऊ तारखेला गेली. मंगळवारी चर्चमागे पुरलं. हंगाम परवा उघडला. मर्ल आला होता, कड्यावर मेंढे दिसतायत म्हणाला, मग आपण काय बोललो ते कळून टोपीशी चाळा करत बसला.

मधल्या दिवसांत डायरी उघडली नाही. एक गोष्ट लिहायची राहिलीय. ती लिहिली नाही तर मी पुढं ती बदलून सांगेन, म्हणून लिहितो.

सहा तारखेला सकाळी तिला बरं वाटत होतं. मुखवटा काढून साधी नळी लावली होती. मी म्हटलं, "मला कळलंय. काट्याचं."

"उशीर लावलास," ती म्हणाली. रागानं नाही.

"एका मेंढ्यासाठी एवढं करायचं, ग्लेंडा? सांगायचं नाहीस का? मी काटा उचलून मर्लकडे नेला असता. तिथं तो सरळ चालतो."

"म्हणूनच नाही सांगितलं. मर्लकडे गेला असतास तर दिवसभर तिथंच राहिला असतास. इथं निदान भिंतीपलीकडे होतास. तुझं खोकणं ऐकू यायचं. शिव्या ऐकू यायच्या." ती दमली. मी पाणी दिलं, तिनं ओठ ओले केले. मग म्हणाली, "आणि मेंढ्याचं कोण बोलतंय? मी जूनमध्येच ओळखलं होतं, मला काही ट्रिगर ओढवणार नाही. तू एवढा हौसेनं लागला होतास, म्हटलं कशाला सांगा."

"मग बंद कशाला करायचीस?"

"मला वाटलं, एकदा तुझा आकडा जमला की तू आत येशील."

आकडा दोन ऑगस्टला जमला होता. नऊला परत जमला. त्यानंतर महिनाभर मी काडतुसं भरत होतो.